तुमचा प्रश्न : उबुंटूवर चालतं, अल्पाइनवर का कोसळतं?

प्रश्न : कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मासळी कारखान्याच्या शीतगृहांचं तापमान नोंदवणारा सी प्रोग्रॅम मी लिहिला. दर खोलीला एक थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी शाखा), थ्रेडच्या फंक्शनात २५६ किलोबाइटचा लोकल बफर, म्हणजे आकडे तात्पुरते ठेवायची जागा. उबुंटूवर बिनतक्रार चालायचा. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सच्या कंटेनरात (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त पेटीत) हलवल्यापासून कधी सेगफॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम कोसळणं, कधी एका खोलीच्या नावावर दुसरीचेच आकडे. आमचे पात्रांव (मालक) म्हणतात, अल्पाइनची मसल ही सी लायब्ररीच बिघडलेली आहे, उबुंटूच्या ग्लिबसीकडे परत चला. जाऊ का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पात्रांवांना जरा थांबायला सांगा. दोष तुमच्या बफरचा आहे, आणि तो उबुंटूवरही होताच. तिथे जागा ऐसपैस म्हणून खपून गेला. थ्रेडला स्टॅक, म्हणजे लोकल बफर वगैरे ठेवायची जागा, किती द्यायचा हे सीचं स्टँडर्ड ठरवत नाही, लायब्ररी ठरवते. ग्लिबसी युलिमिटकडे (सिस्टिमने घातलेल्या मर्यादेकडे) बघते, म्हणजे बहुधा ८ मेगाबाइट. मसल हात आखडून १२८ किलोबाइट देते, जुन्या आवृत्त्यांत तर ८०च. त्यात २५६चा बफर मावणार कसा?

आकड्यांची अदलाबदल मला जास्त गंभीर वाटते. स्टॅकच्या टोकाला एक राखीव पट्टा असतो. त्याला धक्का लागला की प्रोग्रॅम तिथेच मरतो. पण हा पट्टा जेमतेम काही किलोबाइटचा. तुमचा बफर तो ओलांडून शेजारच्या थ्रेडच्या स्टॅकात लिहू शकतो. सेगफॉल्ट निदान कळतो तरी. खोली तापलेली असताना वहीत थंड दिसली, तर माल गेलाच.

खात्री करायची तर उबुंटूवर ‘युलिमिट -एस १२८’ देऊन त्याच टर्मिनलातून प्रोग्रॅम चालवा. बहुधा तिथेही हाच गोंधळ दिसेल. मग थ्रेड सुरू होतानाच बफर मॅलॉकने, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीतून घ्या, आणि नल आला का, म्हणजे मेमरी नाकारली गेली का, तेही बघा. पीथ्रेडच्या (थ्रेड बनवणाऱ्या फंक्शनांच्या) अ‍ॅट्रिब्यूटमधून स्टॅकचा आकार वाढवता येतो, पण मी मॅलॉकच घेईन. जीसीसी कंपायलरला स्टॅक-युसेजचा पर्याय दिलात तर कुठलं फंक्शन किती जागा खातं ते वेगळ्या फाइलीत मिळतं. मोठे आकडे तेवढे चाळा.

राहता राहिली ग्लिबसी. तिच्यातला ‘घोस्ट’ हा दोष २००० साली शिरला आणि २०१३ मध्ये दुरुस्तही झाला. पण ती दुरुस्ती सुरक्षेची आहे हे ओळखलं गेलं नाही, त्यामुळे कित्येक दीर्घ मुदतीच्या डिस्ट्रिब्यूशनांत तो जानेवारी २०१५ पर्यंत तसाच पडून होता. मसलही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२३ च्या १.२.४ आवृत्तीपर्यंत तिचा डीएनएस रिझॉल्व्हर (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारा भाग) मोठ्या उत्तरांना लागणाऱ्या टीसीपी जोडणीकडे वळतच नसे, मोठं उत्तर अर्धवट राहायचं. तुमचे आकडे नेटवर्कवरून सर्व्हरला जात असतील तर हे बघाच: कंटेनरात नुसतं ‘एलडीडी’ चालवलंत की मसलची आवृत्ती छापून येते. अल्पाइन ३.१८ च्या आधीचं असेल तर इमेज (कंटेनरचा साचा) बदला.