सांगेल ते ऐकणारा ब्राउझर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पुण्याच्या पुतण्याने दिवाळीत लॅपटॉपवर कॉमेट नावाचा ब्राउझर टाकून दिला. 'काका, आता क्रोम विसरा. हा मेल वाचतो, तिकिटं शोधतो, फॉर्मसुद्धा भरतो,' म्हणाला. खरंच भरतो! पण मनात पाल चुकचुकते. वापरू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, वापरा. फक्त पेन्शनचं खातं ज्या ब्राउझरमध्ये उघडता, तिथे हे काम नको.

आधी पुतण्याची जरा फिरकी घ्या. कॉमेटच्या पोटात काय आहे, विचारा त्याला. क्रोमियमच! गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला तेव्हा त्याचा पाया क्रोमियम म्हणून सगळ्यांना खुला ठेवला. आज एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, कॉमेट, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा ॲटलस, सगळे त्याच पायावर उभे आहेत. वेगळी चूल मांडणारे मोठे दोनच, फायरफॉक्स आणि सफारी. लेडीबर्ड नावाचा एक प्रकल्प अगदी शून्यापासून इंजिन, म्हणजे असा पायाच, लिहितोय, त्याच्याकडे मी डोळे लावून बसले आहे. तेव्हा 'नवीन ब्राउझर आला' ऐकलं की मी फारशी हुरळत नाही.

कॉमेटमध्ये नवीन आहे तो त्यात बसवलेला एआय मदतनीस. परप्लेक्सिटी कंपनीने जुलै २०२५ मध्ये तो आणला, तेव्हा महिन्याला दोनशे डॉलर मोजणाऱ्यांनाच मिळायचा. ऑक्टोबरात सगळ्यांना फुकट केला. त्याच महिन्यात ॲटलस आला, तोही आधी फक्त मॅकवर. हे ब्राउझर पान नुसतं दाखवत नाहीत, तुमच्या वतीने बटणंही दाबतात. आणि तुम्ही जिथे जिथे लॉगिन आहात, तिथे ते 'तुम्ही' म्हणूनच वावरतात. गोम इथे आहे.

सांगलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागे कामाला एक पोरगा होता. चलाख, हसतमुख, सांगेल ते चटकन करणारा. पण कोणीही सांगेल ते! काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने 'मॅडमनी दिलं पाहिजे म्हटलंय' असं ठोकून दिलं, की हा कागद काढून हातात ठेवणार. या मदतनिसांचं सध्या तसंच चाललंय. मालकाचा हुकूम आणि समोरच्या पानावर लिहिलेला मजकूर यांतला फरक त्यांना खात्रीने कळत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी हे करूनच दाखवलं. रेडिट या गप्पाचर्चेच्या साइटवरच्या एका प्रतिक्रियेत त्यांनी सूचना दडवून ठेवल्या. वापरणाऱ्याने कॉमेटला फक्त 'या पानाचा सारांश दे' म्हटलं. मदतनिसाने त्या दडवलेल्या सूचना वाचल्या, त्याचा ईमेल पत्ता शोधला, ओटीपी मागवला, उघड्या जीमेलमधून तो वाचला आणि दोन्ही गोष्टी रेडिटवर उत्तर म्हणून टाकून दिल्या. (ब्रेव्ह स्वतः स्पर्धक आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.) पण ॲटलस आला तेव्हा ओपनएआयच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असं उघड लिहिलं होतं.

म्हणून दोन ब्राउझर ठेवा. बँक, पेन्शन, मुख्य मेल एकात. तिथे मदतनीस नाही. दुसरा कॉमेट, कुठेच लॉगिन न करता. लांबलचक शासन निर्णयातली नेमकी अट कुठल्या पानावर आहे, किंवा चिपळूणहून दादरला कुठल्या गाड्या आहेत, हे त्याला खुशाल विचारा. अट मात्र मूळ कागदावर वाचून घ्या. ओटीपी आला की तो आपल्याच बोटांनी टाका. शिक्षकाला एवढी शिस्त जड नाही.

प्रश्न : देशी म्हणून 'उला' ब्राउझर घ्यावा का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचा हा ब्राउझर २०२३ मध्ये आला आणि मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत त्याने एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळवलं. पाया मात्र इथेही क्रोमियमच. त्यामुळे क्रोमची सवय असलेल्याला अडत नाही. मला त्यातली कामाचं, घरचं, मुलांचं अशी वेगवेगळी दालनं आवडली. घरात एकच लॅपटॉप आणि त्यावर तिघांची झुंबड असेल, तर जरूर टाका. दुकानात मी फायरफॉक्सच ठेवते. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन क्रोमने नव्या नियमांपायी बंद केलं, फायरफॉक्सवर ते अजून नीट चालतं. फॉर्म भरताना खोटी 'डाउनलोड' बटणं दिसत नाहीत, यातच माझा निम्मा ताप वाचतो.

प्रश्न : मेल उघडताना 'पासकी बनवा' असं सारखं विचारतात. बनवू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : बनवा! नवीन म्हणून जे जे येतंय, त्यात मला मनापासून पटलेली गोष्ट हीच. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनवर बोट टेकवून किंवा पिन टाकून उघडायची डिजिटल किल्ली. पासकीचा गुप्त भाग वेबसाइटकडे जातच नाही, त्यामुळे तिथून चोरी झाली तरी तो चोराच्या हाती लागत नाही. शिवाय ती ज्या पत्त्यासाठी बनवली, तिथेच चालते. हुबेहूब नकली पान उभं केलं तरी तुमचं बोट फसेल, पासकी फसणार नाही. फक्त ती आपल्या फोनवर बनवा, कॅफेतल्या किंवा ऑफिसच्या मशीनवर नको. परक्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं असेल तर पडद्यावरचा क्यूआर फोनने स्कॅन करता येतो. पण त्यासाठी दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं. माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनना ते नाही, तिथे अजून पासवर्ड आणि ओटीपीच चालू आहे.