बेचाळीस हजारांचा एकट्याचा टेंट हप्त्यावर घ्यावा का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय २९. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर. हातात ३४,००० रुपये येतात. घरी १२,००० देतो, गाडीचा हप्ता ३,४००, पेट्रोल-मोबाइल-बाहेरचं खाणं मिळून ६,५००, एसआयपी ३,०००. बँकेत ५८,००० शिल्लक आहेत. आता एकट्यानं ट्रेक करायचे आहेत. ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा ९५० ग्रॅमचा परदेशी टेंट इथल्या एका विक्रेत्याकडे ४२,००० ला आहे. कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, हप्ता ३,५००. दुसरा पर्याय २.३ किलोचा, दोघांचा देशी टेंट, ९,००० रुपये. वर्षाला पंचवीस रात्री तरी वापरेन. कोणता घेऊ?

आत्ता ४२,००० चा नको, आणि हप्त्यावर तर नकोच. ९,००० चा घ्यायला हरकत नाही, पण तोही ऑक्टोबरात. तोपर्यंत पावसाळाच आहे.

आधी त्या पंचवीस रात्रींचा हिशोब घालू, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. तुमची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवसाची असणार. म्हणजे आदल्या दिवशी शिफ्ट संपवून निघायचं आणि सुट्टीच्या संध्याकाळी परत, एका फेरीला एकच रात्र. जून ते सप्टेंबर आपल्या घाटमाथ्यावर टेंटात झोपणारे कमीच. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेतही मुक्काम वाटेवरच्या वाड्यांमध्ये, कुणाच्या तरी पडवीत होतो. मार्चपासून ऊन आणि पाण्याची टंचाई. उरले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर दहा रात्री. त्यातून दिवाळी, लग्नसराई आणि कंपनीचा ओव्हरटाइम वजा करा. आठ म्हटलं तरी उदार हिशोब झाला.

हिमालयातला वर्षाचा एक ट्रेक तुम्ही यात धरला असेल, तर तो काढून टाका. ट्रेक नेणाऱ्या संस्थेबरोबर गेलात की टेंट त्यांचा असतो, तुमचा घरी राहतो. एकट्यानं जायचं म्हटलं तरी उत्तराखंडातल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली बंदी घातली आहे. आणि आपल्याकडेही कुठंही टेंट ठोकता येतो असं नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत सहसा सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच प्रवेश. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. पन्हाळ्याजवळचं मसाई पठारही आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राहतात ती गावालगतची माळरानं, मंदिरांची आवारं आणि मालकाला विचारून मिळालेलं शेत.

तर आठ रात्री, पाच वर्षं, एकूण चाळीस. ४२,००० चा टेंट रात्रीला १,०५० रुपयांना पडतो. पाच वर्षांनी अर्ध्या किमतीला विकला गेला असं मानलं तरी ५२५. देशी टेंट भंगारात गेला असं धरूनही रात्रीला २२५. दोन्हींत फरक ३३,००० रुपयांचा आणि १,३५० ग्रॅमचा, म्हणजे ग्रॅममागे जवळपास साडेचोवीस रुपये. डिसेंबरनंतर पठारावर जाताना पाठीवर तीन-चार लिटर पाणी असतं, त्याचंच वजन तीन-चार किलो. वजनाची एवढी काळजी असेल तर सगळी सॅक एकदा वजनकाट्यावर रिकामी करा. जुनी जड सॅक, जाडजूड स्लीपिंग बॅग आणि 'असू दे बरोबर' म्हणून घेतलेले कपडे यांतून एक किलो याहून कितीतरी स्वस्तात निघतो.

आता हप्त्याबद्दल. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याजाएवढी सूट आधी दिली जाते आणि मग बँक व्याज लावते. तुमच्या हप्त्यावर १५ टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज साधारण ३,२०० रुपये होतं. ते आधी मिळालेल्या सवलतीत वळतं झालं, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ५८० रुपये, तुमच्याच खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. एकूण आठशेच्या घरात. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. रोखीनं घेतल्यास विक्रेता किती कमी करतो ते मात्र विचारा, बहुधा खरा तोटा तिथं दिसेल.

मला खटकतं ते वेगळंच. तुमचा सगळा खर्च आणि एसआयपी मिळून २४,९०० होतात, उरतात ९,१००. त्यातले ३,५०० वर्षभर बांधले गेले की सण, गाडीचं काम, घरातलं दवाखान्याचं बिल, सगळं ५,६०० मध्ये बसवायचं. एखाद्या महिन्यात नाही बसलं आणि कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. स्वस्त हप्ता महाग होतो तो असा.

दुसरं म्हणजे शिल्लक. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च २१,९०० आहे. तीन महिन्यांचे ६६,००० बाजूला हवेत, कारण ऑर्डर कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम जातो आणि मग शिफ्ट. तुमच्याकडे ५८,००० आहेत. हे आठ हजार आधी भरा: जून आणि जुलैत चार-चार हजार. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर दरमहा तीन हजार वेगळ्या खात्यात टाका. ऑक्टोबरअखेर नऊ हजार रोख तयार. एसआयपीला हात लावू नका.

एकट्यानं डोंगरात जाणार आहात, तर टेंटाच्या आधी अपघात विमा बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे, ते तर आजच्या आज घ्या. मोठी पॉलिसी घेताना ट्रेकिंग वगळलंय का, ती ओळ शोधून वाचा.

किमतीचा विषय बाजूला ठेवला तरी आपल्या भागासाठी तो ९५० ग्रॅमचा टेंट मला पसंत नाही. ट्रेकिंग पोलवरचा टेंट स्वतःहून उभा राहत नाही. पेग, म्हणजे दोऱ्या ताणायच्या खुंट्या, घट्ट बसले तरच तो ताठ राहतो. आपली पठारं जांभ्या दगडाची. वर दोन इंच माती आणि खाली कातळ, पेग वाकतो पण आत जात नाही. मग कोपऱ्याच्या दोरीचा फास एका छोट्या दगडाला घालायचा आणि त्याच्यापुढे, टेंटाच्या बाजूला, मोठा दगड ठेवायचा, म्हणजे ओढ आली तरी छोटा सरकत नाही. जमतं, पण सहा ठिकाणी हे करेपर्यंत अंधार होतो. घुमटाच्या आकाराचा टेंट दोन पोल खोवले की उभा राहतो. वाऱ्यासाठी चार दगड बांधले की झालं.

शिवाय तो एकपदरी, म्हणजे एकाच कापडाच्या भिंतीचा आहे. थंडीत आभाळ निरभ्र असलं की कापड हवेपेक्षाही गार पडतं आणि श्वासातली वाफ आतून थेंब होऊन साचते. पहाटे डोकं लागलं की सगळं स्लीपिंग बॅगवर. दुपदरी टेंटातही दव धरतंच, पण ते फ्लायवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर; मध्ये जाळीचा इनर, म्हणजे आतला पदर असतो. दोन्ही प्रकारांत वरची झरोक्याची खिडकी उघडी ठेवायची आणि ओढ्याकाठच्या खोलगट जागेत टेंट लावायचा नाही, रात्री गार हवा तिथंच साचते.

अशा अतिहलक्या टेंटांचं कापड पुष्कळदा दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं नायलॉन असतं. त्याच्यावर शिवणीची टेप चिकटत नाही, म्हणून शिवणी स्वतः सिलिकॉन सीलंटनं बंद कराव्या लागतात. पोल नसतील तर जोडीचे दोन-तीन हजार, ग्राउंडशीट वेगळी. ४२,००० हा आकडा तिथं थांबत नाही.

देशी टेंट घेताना दुकानात उभा करून आत आडवं व्हा. पाच फूट आठ इंच उंचीला आतली लांबी किमान २१० सेंटिमीटर हवी, नाहीतर पाय भिंतीला लागून बॅग ओली होते. बसल्यावर डोकं छताला लागता कामा नये. पोल शक्यतो ॲल्युमिनियमचे. फायबरचे उभे चिरतात आणि त्यांचे तंतू बोटांत घुसतात. जलरोधकतेचा आकडा, म्हणजे कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं तो, फ्लायला १,५०० मिलिमीटर आणि तळाला ३,००० असला की आपल्याला पुरे. फ्लाय जमिनीच्या किती जवळ येतो ते बघा, आडव्या पावसात आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. याच किमतीच्या आगेमागे एकट्याचा, दुपदरी, पावणेदोन किलोचा मिळाला तर दोघांच्यापेक्षा तो बरा.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत अंगणात उभा करा आणि नळीनं वीस मिनिटं वरून पाणी सोडा. शिवणीतून थेंब आला तर सील करत बसू नका, बदलून घ्या. एकदा सीलंट लावलं की दुकानदार परत घेत नाही. ट्रेकहून आल्यावर सावलीत पूर्ण वाळवायचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओलसर टेंट पिशवीत कोंबून ठेवला की आतला पाणी अडवणारा पीयू (पॉलियुरेथेन) थर चिकट होतो, आंबट वास येतो आणि पुढच्या हंगामात पापुद्रे सुटतात. यावर दुरुस्ती नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात वरच्या खणात ठेवा.

ऑक्टोबरच्या आधी एखादी रात्र भाड्याच्या टेंटात काढून बघा. एकट्याला झोप लागत नाही असं पुष्कळांना तिथंच कळतं. आणि पुढचे दोन हंगाम प्रत्यक्ष झोपलेल्या रात्री मोबाइलमध्ये लिहून ठेवा. वर्षाला पंधराच्या वर गेल्या आणि ६६,००० ला हात न लावता पैसे जमले, तर हलका टेंट घ्यायला माझी आडकाठी नाही. फक्त तेव्हाही आपल्याआप उभा राहणारा, दुपदरी बघा, आणि पोल मोडला तर सुटा भाग इथं मिळतो की परदेशातून मागवावा लागतो, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.