काम झालं, पण ठेवलंत कुठे?

व्हिडिओ आणि ध्वनी वापरून केलेल्या कलाकृतींचं जतन करणं हे माझं काम. कलाविद्यार्थ्यांकडून त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र देते आहे.

कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकू? (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, नाशिक)

आज तुमच्या कॉम्प्युटरवर चालतंय ते.

मी चित्र, आवाज, व्हिडिओ सगळंच करतो. सर म्हणतात, एकच काहीतरी धर. (कोल्हापूर)

एकच धरायची सक्ती नाही. नलिनी मलानी मूळच्या चित्रकार. पण त्यांच्या कामात फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरची चित्रं, भिंतीवर पडणाऱ्या त्या चित्रांच्या सावल्या आणि व्हिडिओ एकत्र नांदतात. मात्र प्रत्येक माध्यम कशासाठी आलंय, हे तुम्हाला सांगता यायला हवं. आवाज बंद करून काम पाहा. काहीच उणं वाटलं नाही, तर तो आवाज काढून टाका. मग डोळे मिटून नुसतं ऐका. एवढं झाल्यावर पुन्हा सरांकडे जा. त्यांचा आक्षेप कदाचित पसाऱ्याला असेल.

सगळं काम एका हार्ड डिस्कवर आहे आणि क्लाउडवर आहेच. पुरे ना? (पुणे)

मुळीच नाही. 1969 साली मुंबईत अकबर पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा छोटा प्रयोगपट केला. त्याची एकुलती एक प्रिंट दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली आणि हरवली. एवढ्या मोठ्या चित्रकाराचं काम दुसरी प्रत नव्हती म्हणून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि फाइल हरवावीच लागते असंही नाही. 2020 संपताना वेबसाइटवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद झालं आणि त्यावर बेतलेली कितीतरी कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली.

तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सिंक होणारा क्लाउड फोल्डर ही वेगळी प्रत नव्हे. इथे डिलीट केलंत की तिथेही जातं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल मूळ समजू नका, ती बहुतेक वेळा दाबून लहान केलेली असते. शिवाय एक कागद लिहा: प्रोजेक्टर कोणता, भिंतीपासून किती लांब, खोली किती अंधारी, स्पीकर कुठे, लूप किती मिनिटांचा. सेन्सर असेल तर कोड जपा आणि कुठली वायर कुठे लावली त्याचा फोटोही. हे सगळं काम चालू असतानाच करायचं. ‘प्रदर्शन झालं की करू’ म्हणणाऱ्यांकडून नंतर रडवेले फोन येतात.

डिस्क खटखट आवाज करू लागली, तर ताबडतोब काढा. फ्रीजमध्ये ठेवली की चालते, ही ऐकीव गोष्ट आहे. फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअरही चालवू नका. डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या.

‘आंतरराष्ट्रीय’ प्रदर्शनासाठी निवड झाली, पण पैसे भरायला सांगतात. (सोलापूर)

आधी जागेचा पत्ता, क्युरेटरचं नाव आणि मागच्या वेळी भाग घेतलेले दोन कलाकार विचारा. ‘आजच भरा, जागा संपतायत’ असं उत्तर आलं, तर विषय संपला. बाकी उत्तरं नीट आली तरी पैसे भरण्याआधी तुमच्या शिक्षकांना दाखवा.

एका संस्थेसाठी पैसे घेऊन व्हिडिओ केला. हक्क माझेच ना? स्वतःला रजिस्टर पत्र पाठवलं की कॉपीराइट मिळतो म्हणे. (ठाणे)

पत्रानं काही होत नाही. कॉपीराइट काम तयार होताच निर्माण होतो, नोंदणीही सक्तीची नाही. अडचण वेगळीच आहे. 1957 च्या कायद्यानुसार, कुणी मोबदला देऊन फिल्म करवून घेतली आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. व्हिडिओही त्यात येतो. म्हणून करार आधी, शूटिंग नंतर. तुमच्या प्रकरणात कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जा, आणि या आठवड्यातच जा.

प्रोजेक्टर विकत घेऊ की भाड्याने? (सातारा)

भाड्याने. जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.