नाताळात रडू येतं, म्हणजे विश्वास कमी पडला का?

कळव्याच्या एक ताई नोव्हेंबरअखेर समुपदेशनाला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचावन्नच्या आसपास, घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. यजमान पावसाळ्यात गेले. जांभळी नाक्याच्या बाजारात कागदी तारे लागलेले दिसले आणि ताई रिकामी पिशवी घेऊन तशाच घरी परतल्या. गॅलरीत तारा दरवर्षी यजमानच लावायचे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एकीनं समजावलं होतं, "ते प्रभूजवळ आहेत, मग रडायचं कशाला? नाताळ आनंदाचा सण." ताईंना एकच विचारायचं होतं: माझा विश्वास कमी पडतोय का?

डिसेंबरात हा प्रश्न पुष्कळांचा असतो. उत्तर स्पष्ट आहे: नाही. बायबलात, मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान ११). मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटी देऊन परततात आणि लगेच हेरोद राजानं मारलेल्या बाळांसाठी बेथलेहेमातल्या आयांचा आकांत येतो. नाताळच्या नाटिकेत तो भाग सहसा घेत नाहीत, पण गोष्ट तीच आहे.

ताई रोज आनंदाची वचनं शोधून वाचत आणि आनंद होत नाही म्हणून स्वतःला दोष देत. आम्ही वाचन बदललं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली १३, ४२ आणि ८८ ही स्तोत्रं घेतली. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं. त्याच्या घडणीवर प्रार्थना लिहायची: आधी देवाला हाक, मग तक्रार जशी आहे तशी, मग मागणं, शेवटी भरवसा. दिवेलागणीला दहा मिनिटं, वहीत, गजर लावून. झोपताना नाही, कारण मग मन तेच घोळवत बसतं. पहिल्या आठवड्यात जे बिघडतं ते इथेही बिघडलं. तक्रार एका ओळीत आणि भरवसा पानभर! मनातलं वर येऊच दिलं नाही, तर हलकं कसं वाटणार? मग भरवशाची पायरी आम्ही काही दिवस वगळली. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्यानंतर ताईंनी लिहिलं, "मी हॉस्पिटलात इतकं मागितलं, तू ऐकलं का नाहीस?" खरं काम तिथून सुरू झालं.

त्या एकच वेळ जेवत होत्या, हेही आम्ही तितक्याच गांभीर्यानं घेतलं. एलीया संदेष्ट्यानं मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला भाकर-पाणी दिलं, तो पुन्हा निजला, पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं त्यानंतर (पहिले राजे, १९). म्हणून दोन्ही जेवणं ठरल्या वेळी, आणि सकाळच्या उन्हात वीस मिनिटं चालणं.

सणाचं काय? काही जण सगळं पूर्वीसारखंच करायला जातात आणि थकून कोसळतात. काही जण सगळंच रद्द करतात आणि बंद दारामागे दिवस जास्तच जड होतो. आम्ही एकेका प्रथेपुढे लिहून घेतलं: ठेवायचं, बदलायचं की यंदा नको. करंज्या ठेवल्या, पण एक किलो मैद्याऐवजी पाव किलोच्या, बहिणीबरोबर बसून. तारा पुतण्यानं लावायचा. नाताळगीतं गाणारी तरुण मंडळी रात्री अचानक दारात ढोलकी वाजवत आली की सावरणं कठीण जातं, म्हणून त्यांच्या सेक्रेटरीला आधीच फोन: संध्याकाळी सातला या, एकच गीत, मग प्रार्थना. मध्यरात्रीची उपासना नको, २५ तारखेची सकाळची. बाक शेवटचा, जागा कडेची, शेजारी नणंद. भरून आलं तर कुणाला न सांगता व्हरांड्यात जायचं. हे सगळं आधी ठरवायचं, कारण दुःखात ऐनवेळी विचारलं तर माणूस "नकोच" म्हणतो.

सर्वांत अवघड २५ तारीख नसते. २६ ते ३१ हे दिवस अवघड. पाहुणे गेलेले, डबे अर्धे, फोन थांबलेले. त्या प्रत्येक दिवशी एक ठरलेली भेट किंवा फोन हवा. ३१च्या रात्रीच्या उपासनेत काही मंडळ्यांत वर्षभरात प्रभूत निजलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची, नावं घेतात. आपल्या माणसाचं नाव घेणार का, कधी घेणार, हे पाळकसाहेबांना आधी विचारून ठेवावं.

आणखी एक वाक्य ख्रिस्ती घरांत हमखास कानावर येतं: "त्यांच्याकडे जावंसं वाटतं." ते ऐकून घाबरू नये आणि सोडूनही देऊ नये. सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते मनात आलंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. १४४१६ ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा चोवीस तास असते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि रोजची कामं सगळीच बिघडली असतील, तरी डॉक्टरांना दाखवावं. औषध घेतल्यानं प्रार्थना उणी होत नाही. ताईंच्या बाबतीत ती भेटीची आस होती. तरीही पुढच्या प्रत्येक भेटीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि जानेवारीच्या भेटींच्या तारखा डिसेंबरातच ठरवून दिल्या.