शिबिरातले कौतुक म्हणजे निवड नव्हे

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत आठवीत शिकते. यंदा शाळेत दहा दिवसांचे नाट्यशिबिर झाले. शिकवायला व्यावसायिक रंगभूमीवरील एक नट आले होते. समारोपाला त्यांनी ‘हिच्यात चमक आहे’ असे सर्वांसमोर सांगितले. नववीला तिचे नाव शाळेतून काढून मुक्त विद्यालयाचा अर्ज भरावा आणि मालिकांच्या ऑडिशनसाठी तिला मुंबईला न्यावे, असा माझा बेत आहे. ती मात्र काहीच बोलत नाही; रोज रात्री नाटकातल्या सगळ्यांचे संवाद वहीत नव्याने लिहीत बसते. कोणता कोर्स योग्य ठरेल? – एक आई

उत्तर : आपले पत्र वाचून मला सर्वाधिक काळजी वाटली ती आपल्या मुलीच्या गप्प राहण्याची. जी मुलगी दहा दिवस मोकळेपणाने रंगमंचावर वावरली, ती मुंबईचा विषय निघताच घरात बोलेनाशी होत असेल, तर तो होकार समजू नये. शाळा सोडण्यापासून ऑडिशनपर्यंतचा सगळा बेत आपला आहे आणि त्यात तिचे मत कुठेही नाही. आपला हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. पण कौतुकाचे ओझे हे अपेक्षांच्या ओझ्याहून हलके नसते, आणि ते आईने ठेवलेले असले की मुलांना ते खाली टाकताही येत नाही.

शाळेत शिबिर घेणारा कलावंत उद्याचे नट निवडायला येतो, हा मोठा गैरसमज आहे. तो मुलांना वर्गभर चालायला लावतो, टाळी वाजताच जागच्या जागी थांबवतो, दोघादोघांना समोरासमोर उभे करून एकाच्या हालचाली दुसऱ्याला आरशासारख्या करायला सांगतो. आणि जे मूल जमिनीकडे पाहत बोलते, त्याची नजर वर यावी म्हणून त्याला सर्वांसमोर शाबासकी देतो. ती शाबासकी शिकवण्याचाच भाग असते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ‘संस्कार रंग टोली’ हे पथक १९८९ पासून मुलांबरोबर काम करत आहे, आणि तिथेही भर असतो तो मुलांच्या कल्पनाशक्तीवर आणि सहभागावर. त्या नटाने जे सांगितले ते खरेच असेल. पण त्यावरून तिची शाळा सोडवणे मला साफ अमान्य आहे.

चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांची कमाल मर्यादा आहे, सलग २७ दिवसांहून अधिक काम देता येत नाही आणि शिक्षणात खंड पडू न देण्याची अट आहे. कायदा ज्या शाळेला इतके जपतो, ती आपण आपणहून सोडायला निघाला आहात. अभ्यासक्रमांचे म्हणाल, तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही वाट फार पुढची आहे, आणि दिल्लीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तर पदवी लागतेच.

आता त्या वहीविषयी. आपण तिचा उल्लेख जाता जाता, काहीशा तक्रारीच्या सुरात केला आहे. मला मात्र संपूर्ण पत्रात तीच सर्वांत मोलाची वाटली. स्वतःच्या भूमिकेपुरते न पाहता जी मुलगी सगळ्या पात्रांचे बोलणे नव्याने लिहून पाहते, तिचा ओढा अभिनयापेक्षा लेखनाकडे किंवा दिग्दर्शनाकडे असू शकतो. कदाचित तसे नसेलही, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ते ठरवण्याची घाई कुणीच करू नये. तिची परवानगी असेल तरच वही वाचावी आणि वाचल्यावर चांगले-वाईट न ठरवता, अमुक पात्र असे का बोलते, एवढेच विचारावे. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तिथे नाटक पाहायला आणि करायला मिळावे म्हणून मुंबई गाठावी लागत नाही. शाळेने राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरावे, असे मुख्याध्यापकांना जरूर सुचवावे. तिथे संहिता लिहायची, विंगेत उभे राहायचे की भूमिका करायची, हे तिचे तिला ठरवू द्यावे. तोवर ऑडिशनचा विषय तिने स्वतः काढल्याशिवाय घरात काढू नये.