मोठं कापड द्या, चिंध्या ठेवा

प्रश्न: ताई, गोधड्या, क्विल्ट शिवायचा नाद मला फार जुना आणि कापड जमवायचा त्याहून जुना. आता एक अख्खं कपाट भरलंय, पलंगाखाली दोन खोके आहेत आणि माळ्यावर काय आहे ते मलाच आठवत नाही. अंगठा दुखतो म्हणून पूर्वीसारखं कापणं होत नाही, घरात बाकी कोणी सुईला हात लावत नाही. कमी करायचंय हो, पण दर वेळी चार कापडं काढते, हात फिरवते आणि परत घडी घालून आत. मैत्रीण म्हणते चिंध्या देऊन टाक, चांगलं ठेव. तसंच करू ना?

उत्तर: मैत्रिणीचं ऐका, पण उलटं करा. मोठं, चांगलं कापड द्या आणि चिंध्या तुम्ही वापरा. दोन मीटरचा सलग तुकडा कोणाच्याही कामाला येतो, ज्याला क्विल्टमधलं ओ की ठो कळत नाही तोही त्याची पिशवी शिवेल, अभ्रा शिवेल, पडदा करेल. पण तीन-तीन इंची तुकड्यांचं बोचकं उघडून त्यातून काही उभं करणं हे तुमच्यासारखीलाच जमतं, दुसऱ्याकडे ते कोपऱ्यात पडून राहतं आणि शेवटी कचऱ्यात जातं. आपल्याला निवडायचा कंटाळा आला म्हणून ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, याला देणं कसं म्हणायचं?

आता जास्तीचं नेमकं किती हे कसं ठरवायचं, तर मीटर मोजत बसू नका, सरळ वजन करा. क्विल्टचं नेहमीचं सुती कापड, ४२-४४ इंच पन्ह्याचं, किलोला साधारण ६ मीटर भरतं. समजा तुमच्याकडे २० किलो निघालं, म्हणजे झाले १२० मीटर. ६० बाय ८० इंचाच्या एका क्विल्टला वरची बाजू, मागची बाजू आणि गोट धरून जवळपास ९ मीटर लागतं, म्हणजे हे १३ क्विल्टचं कापड झालं. आता या अंगठ्याने तुम्ही खरंच किती शिवणार आहात? चार म्हणाल तर चारचं ठेवा, वर एखाद्याचं हौस म्हणून ठेवा, बाकीचं जास्तीचं. प्रत्येक कापड हातात घेऊन "हे आवडतं का" असं विचारत बसलात तर सगळंच आवडतं, मीही तीच आहे, म्हणून आकडा आधी ठरवायचा.

आणि संपवायचंच असेल तर क्विल्टच्या मागे बघा. सगळ्यांचं लक्ष वरच्या नक्षीकडे, पण कापड खाते ती मागची बाजू. ५ इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचांचे होतात, १३ बाय १८ लावले की २३४ चौकोनांत ६० बाय ८० चा जवळपास अख्खा वरचा भाग होतो आणि त्याला लागतं साडेतीन-चार मीटर. मागे मात्र चारी बाजूंनी ४ इंच जास्त धरायचं म्हणून ६८ बाय ८८ लागतं, ते दोन पन्हे जोडून केलं की साडेचार मीटर गेलंच. तेव्हा जी कापडं एका काळी आवडली होती आणि आता बघवत नाहीत ती मोठ्या मोठ्या तुकड्यांत जोडून मागे लावा, छान दिसतं, काही वेळा पुढच्यापेक्षा छान दिसतं (हे क्विल्टवाल्या बायका मान्य करत नाहीत). फक्त किनार कापून टाका, ती घट्ट विणलेली असते आणि धुतल्यावर वेगळी आटते, मग शिवणीशी चुण्या पडतात.

अंगठ्यासाठी एक: मागच्या बाजूचं कापड कात्रीने कापूच नका, टोकाला छोटा काप द्या आणि टरकवा. सुती कापड धाग्यात सरळ फाटतं. कडा जरा लाटेसारख्या होतात, इस्त्री फिरवायची आणि अर्धा इंच जास्तीचं धरायचं, झालं.

चिंध्यांचं म्हणाल तर फार प्रकार करू नका, दोनच मापं ठेवा, ५ इंची चौकोन आणि २.५ इंची पट्टी. जे यात बसत नाही ते तिसऱ्या डब्यात. दुसरं काही शिवत असताना मशीनशेजारी चौकोनांची वाटी ठेवा. आपण मध्ये धागा न कापता एकामागून एक जोड्या टीप मारत सोडतो ना, त्या ओळीच्या शेवटी धागा कापायच्या ऐवजी दोन चौकोन सरकवायचे आणि त्यावर थांबायचं, मग मागची ओळ कापून घ्यायची. पुढची ओळ त्या चौकोनांमागून सुरू. धागाही वाचतो आणि हातातलं काम संपेपर्यंत बाजूला जोडलेल्या चौकोनांचा ढीग झालेला असतो, वेगळा वेळ काढावाच लागत नाही.

प्रश्न: माझ्याकडे आलेलं कापड बरंच जुनं आहे, कुठलं सुती कुठलं पॉलिस्टर ते कळत नाही, काहींना कुबट वास येतो. शिवायला घ्यावं का? आणि रंग एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

उत्तर: कडेचा एक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. सुती कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास आणि बोटाने उडून जाणारी मऊ राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झालं की टणक मणी उरतो. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, ते वेगळं काढा, इस्त्रीला त्रास देतं.

मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून जोरात ताणा, उभं आणि आडवं. फाटलं किंवा धागे तुटल्याचा आवाज आला तर त्यात जीव उरलेला नाही, ते ना शिवा ना कोणाला द्या. टिकलं तर धुवा. गडद लाल, निळं, काळं असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवा, रंग उतरला तर परत धुवा आणि तरीही उतरत राहिला तर फिक्या रंगाशेजारी लावू नका. कुबट वास बहुतेक वेळा धुऊन उन्हात वाळवल्यावर जातो, पण काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, नाद सोडा.

रंगाचं एवढं मनावर घेऊ नका. सगळी कापडं जमिनीवर पसरून मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढा, फिकं कुठलं आणि गडद कुठलं लगेच दिसतं. फिकं-गडद नीट पडलं की रंग आपापसात भांडले तरी चालतं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामाचे विटलेले कपडे, जीन्स जे हाताला लागेल त्याचे क्विल्ट केले, थंडीत पांघरायला म्हणून, आणि २००२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागले. तिथे जुळवाजुळवीचं कोणी विचारलं नसणार.

प्रश्न: एका संस्थेत तीन पिशव्या कापड घेऊन गेले तर त्यांनी नको म्हटलं. इतकं वाईट वाटलं. नवीन कापड होतं हो!

उत्तर: वाटणारच. पण त्यांच्या बाजूनेही बघा, ठेवायला जागा नाही, शिवणारं माणूस नाही, आणि पिशवीत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. आधी फोन करून "तुम्हाला काय लागतं" एवढं विचारा आणि तेवढंच न्या. शिवणवर्गाला सरावासाठी साधं, सलग कापड हवं असतं. प्राण्यांच्या निवाऱ्याला कापड नको असतं, शिवलेली अंथरुणं चालतात. लहान मुलांसाठी देणार असाल तर बटणं, मणी लावू नका, आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालायचं नसतं, म्हणून ते खेळायला अंथरायचं आहे असं सांगून द्या.

प्रत्येक घडीवर चिठ्ठी टाचा: लांबी, पन्हा, सुती की मिश्र, धुतलेलं की कोरं. एवढं केलं तरी घेणाऱ्याचा नूर बदलतो. नवशिक्या कोणाला देताना तर अख्खा संच द्या, वरचे चौकोन कापून, मागचं कापड आणि गोटाच्या २.५ इंची ७ पट्ट्या एकत्र बांधून. नुसतं कापड दिलं तर ती तुमच्यासारखीच जमवायला लागेल.

प्रश्न: एक इंचाहून बारीक कातरण आहे, त्याचं काय?

उत्तर: लांबट असेल तर जुन्या कागदावर तिरकी तिरकी जोडत जा, टाका बारीक ठेवा, दीड मिलिमीटरचा, म्हणजे नंतर कागद सहज फाटून निघतो. त्याहून बारीक असेल तर कुत्र्या-मांजराच्या गादीत भरा, पण नुसतं कातरण जड होतं आणि गोळे धरतं, म्हणून बॅटिंगचे, म्हणजे क्विल्टच्या दोन बाजूंमध्ये घालतो त्या मऊ थराचे, उरलेले तुकडेही फाडून त्यात मिसळा. भरायच्या आधी टाचण्या आणि लांब दोरे निवडून काढा, मांजर दोरे गिळतं. उरलेलं टाका हो खुशाल.