जुनी जिप्सी आणि पेट्रोलचा खर्च

मारुतीची जुनी जिप्सी घेतलीत, अभिनंदन! पेट्रोल फार खाते म्हणून, ॲव्हरेज बघून घाबरू नका. चौकोनी पेट्रोल गाडी आहे, स्कूटरसारखं देणार नाही.

आधी नीट मोजा. टाकी फुल्ल करा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत फुल्ल करा. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. पेट्रोलच्या काट्यावर जाऊ नका. आधीच्या मालकाने मोठे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो, तेही धरा.

मग एवढंच बघा:

- हवा: टायर थंड असताना, दर पंधरा दिवसांनी तपासा.
- ब्रेक: फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.
- थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप): "आपल्याकडे काय गरज?" म्हणत मेकॅनिक काढून टाकतात. माझाही काढला होता, दोन वर्षं पत्ता नाही! इंजिन धड गरमच होत नाही आणि पेट्रोल पीत राहतं.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे डांबरी रस्त्यावर फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणं. वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. चिखल संपला की टू-व्हीलला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर या. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर तेही फ्री करा. टपावरचा रिकामा कॅरिअर उतरवून ठेवा.

पेट्रोल वाचवणारी चुंबकं नि गोळ्या अजिबात नकोत.